‘कळलं का?’ असे विचारू नका



मागच्या तिमाहीच्या हिशेबात ‘आरोग्यसेवकांचे संवाद-प्रशिक्षण’ अशी एक ओळ होती. ती वाचून दोघा-तिघा वाचकांनी विचारले की, औषधे समजतात, रुग्णाला न्यायच्या गाडीचे डिझेल समजते, पण नर्सला आणि डॉक्टरला बोलायला शिकवण्यावर पैसे कशाला? बोलता तर सगळ्यांनाच येते. प्रश्न रास्त आहे. आपण कष्टाच्या पगारातून, सुगीच्या सणाच्या अर्पणातून देता. ते कुठे गेले हे आपल्याला कळलेच पाहिजे. म्हणून या अंकातला पाठ त्याच विषयावर घेतला आहे. नुसते आकडे न देता हे प्रशिक्षण आम्ही कसे देतो तेच मांडते. आपल्यापैकी जे नर्सिंगमध्ये, शाळेत किंवा महिला मंडळात काम करतात त्यांना ते वापरूनही पाहता येईल.

मी डॉक्टर नाही. समाजकार्याचा अनुभव आणि धर्मशास्त्राची पदविका एवढीच माझी शिदोरी. सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून रुग्णांबरोबर दवाखान्यात जायचे, तिथे त्यांच्याजवळ बसायचे, असे माझे बरेचसे काम. औषध कोणते द्यावे हे माझ्याकडे नाही. पण टेबलाच्या या बाजूला काय बोलले गेले आणि त्या बाजूला काय ऐकू आले, हे दोन्ही मला दिसते. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, आमच्या भागात पुष्कळ उपचार औषध बरोबर असूनही फसतात, कारण बोलणे अर्धवट राहिलेले असते.

एक रोजचे उदाहरण घ्या. जुलाब झालेल्या बाळाला घेऊन आई उपकेंद्रात येते. तिला ओआरएसची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या मिळतात. सिस्टर सांगतात, “एक लिटर पाण्यात एक पाकीट, रोज एक गोळी, चौदा दिवस. कळलं का?” आई मान हलवते आणि निघते. तिच्या घरी लिटरचे माप नाही, तांब्या आहे. ती तांब्यात पाकीट रिकामे करते. पाणी फार खारट होते, बाळ तोंड फिरवते. आणि असे घट्ट झालेले ओआरएस बाळाला पाजत राहिले तर अपायही होतो. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात, मग गोळ्या कशाला, म्हणून उरलेल्या फळीवर राहतात. पुढच्या खेपेला हे कळल्यावर सिस्टर म्हणतात, “या लोकांना कितीही सांगा, ऐकतच नाहीत.”

सिस्टरने सांगितले ते सगळे बरोबर होते. आईनेही मुद्दाम काही टाळले नव्हते. गाडी अडली ती ‘कळलं का?’ या दोन शब्दांवर. तो प्रश्न वाटतो, पण आमच्याकडे त्याला एकच उत्तर आहे: “हो.” नाही म्हणायचे तर आपण अडाणी आहोत असे चारचौघांत कबूल करायचे, किंवा सिस्टरला सांगता आले नाही असे तिच्या तोंडावर म्हणायचे. मागे चाळीस माणसांची रांग उभी आहे. कोण नाही म्हणेल?

म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला फळ्यावर ‘कळलं का?’ असे लिहून त्यावर काट मारतो. त्याऐवजी असे म्हणायला शिकवतो: “ताई, मी आज फार भरभर बोलले. घरी सासूबाईंनी विचारलं की हे पाणी कसं करायचं, तर त्यांना काय सांगाल?” यात परीक्षा बोलणाऱ्याची आहे, ऐकणारीची नाही, तिला लाज वाटायचे कारण राहत नाही. ती म्हणते, “तांब्यात टाकीन.” झाले, अडचण टेबलावर आली. मग बाजारातल्या पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली तिच्या हातात द्यायची, तिच्याकडूनच भरून घ्यायची, आणि ती बाटली घरी नेऊ द्यायची. गोळीचेही तसेच. जुलाब थांबल्यावरही गोळी का चालू ठेवायची, तर पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून. हे कारण तिच्या तोंडून एकदा आले की गोळ्या फळीवर राहत नाहीत.

यात आमचे स्वतःचे काही नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी लहान मुलांच्या आजारांसाठी जी पद्धत आखली आणि आपल्या देशात जी आयएमएनसीआय या नावाने आरोग्यसेवकांना शिकवतात, तिच्यात आईशी बोलण्याच्या चार पायऱ्या आहेत: विचारा आणि ऐका, कौतुक करा, सल्ला द्या, समजल्याची खात्री करा. आमच्या प्रशिक्षणाला येणाऱ्या बहुतेक सिस्टरांना त्या पाठ असतात. पण पहिल्या आणि चौथ्या पायरीला वेळ नाही म्हणून त्या गळतात, आणि कौतुक करायचे तर राहूनच जाते. डोंगर उतरून, बाळाला झोळीत बांधून दोन तास चालत आलेल्या आईला “बरं झालं वेळेवर आणलंत” एवढे म्हणायला किती वेळ लागतो?

वेळेचे मात्र खरे आहे, त्याला हसून चालणार नाही. ६७ देशांतल्या माहितीचा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतात ते पाहिले होते. बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे. आमच्याकडे आठवडे बाजाराच्या दिवशी दवाखान्यात काय होते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातला कोणता आकडा जवळचा वाटेल हे सांगायला नको. बाजाराला आलेले लोक त्याच फेरीत दवाखाना करून जातात. त्या दिवशी डॉक्टरांना ‘प्रेमाने बोला’ असा उपदेश करणे म्हणजे त्यांची थट्टा करण्यासारखे आहे. आम्ही तो करत नाही. आहे त्या दोन-तीन मिनिटांतले पहिले मिनिट आणि शेवटचे अर्धे मिनिट कसे वापरायचे, एवढेच शिकवतो.

शेवटच्या अर्ध्या मिनिटाचे वर आले. आता पहिल्याचे.

रुग्ण बोलायला लागला की आपण त्याला किती लवकर तोडतो, हे अमेरिकेतल्या बेकमन आणि फ्रँकेल या दोघा संशोधकांनी १९८४ मध्ये मोजले. त्यांनी ७४ तपासण्यांचे ध्वनिमुद्रण ऐकले. सरासरी १८ व्या सेकंदाला डॉक्टर मध्ये बोलत होते. डॉक्टरांची भीती अशी असते की तोडले नाही तर हा माणूस अर्धा तास बोलत बसेल. ती भीती कितपत खरी, हे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयात तपासले गेले आणि २००२ मध्ये छापून आले. डॉक्टरांना सांगितले होते की रुग्ण आपणहून थांबेपर्यंत मध्ये बोलायचे नाही. ३३५ रुग्णांची वेळ घेतली. सरासरी निघाली ९२ सेकंद. दर शंभरातले ७८ जण दोन मिनिटांच्या आत थांबले होते. आता बाझेल कुठे आणि धडगाव कुठे, असे आमचे एक डॉक्टर म्हणाले, आणि बरोबरच म्हणाले. आमच्या बायका तर त्याहून लवकर थांबतात. त्यांना बोलते ठेवणे हीच खरी अडचण.

हे शिकवायला आम्ही घड्याळ वापरतो. दोघांनी समोरासमोर बसायचे. एकाने आपल्या घरातली एखादी खरी काळजी सांगायची; दुसऱ्याने दोन मिनिटे फक्त ऐकायचे. मान हलवायची, ‘हं’ म्हणायचे, ‘आणखी?’ म्हणायचे, प्रश्न नाही, सल्ला नाही. सोपे वाटते. पंधरा-वीस वर्षे नोकरी झालेल्या माणसालाही पहिल्या मिनिटातच सल्ला आवरत नाही, आणि मग सगळा वर्ग हसतो. (मला धर्मशास्त्राच्या पदविकेत प्रवचन कसे करावे हे वर्षभर शिकवले. ऐकावे कसे, यावर एखाद-दुसरा तास असेल.) आपल्या वाचकांना मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला बार्तीमय ठाऊक आहे. लोक त्याला गप्प बसवत होते. प्रभू थांबला, त्याला बोलावून घेतले, आणि समोरचा माणूस आंधळा आहे हे दिसत असतानाही त्याला काय हवे ते त्यालाच विचारले. आमच्या वर्गात हा उतारा वाचत नाही, कारण वर्गात सर्व धर्मांचे कर्मचारी असतात. पण मला तो घड्याळाच्या खेळात दर वेळी आठवतो.

पहिल्या मिनिटात आणखी एक गोष्ट ठरते, ती म्हणजे मान. आमच्याकडची वडीलधारी माणसे आपल्या बोलीच्या सवयीने कोणालाही ‘तू’च म्हणतात, डॉक्टरला, तहसीलदाराला, मला. त्यात उद्धटपणा नसतो. शहरातून आलेल्या नव्या डॉक्टरला ते खटकते आणि तोही ‘ए बाई, तू’ असे सुरू करतो. पण मराठी ही त्या आजोबांची शाळेतली, कचेरीतली भाषा आहे, आणि मराठीतला ‘तू’ त्यांना बरोबर कळतो. म्हणून आम्ही सांगतो: त्यांचा ‘तू’ सोडून द्या, आपला ‘तुम्ही’ सोडू नका. बसायला स्टूल द्या. कागदावरून डोके वर काढून एकदा चेहऱ्याकडे बघा. नाव घ्या, किंवा बाबा, मावशी, दादा म्हणा.

‘कधीपासून?’ हा प्रश्नही असाच. तारीख विचारली की गोंधळ होतो, आणि डॉक्टर कागदावर ‘नक्की सांगता येत नाही’ असे लिहितात. सणाने आणि बाजाराने विचारले की नेमके उत्तर मिळते: भोंगऱ्या बाजाराच्या आधीपासून की नंतर? होळीला नाचलात तेव्हा दम लागत होता का? दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलात तिथे सुरू झाले की परत आल्यावर? एका म्हाताऱ्या बाबांचा खोकला कागदावर ‘काही दिवस’ असा लिहिला होता. होळी विचारली तेव्हा तो तीन महिन्यांचा निघाला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे क्षयाची तपासणी करायचीच. पुढचे सगळे त्या एका प्रश्नावर अवलंबून होते.

दुभाषाबद्दल वेगळा तास घेतो, कारण पावरी किंवा भिलोरी न येणारे कर्मचारी पुष्कळ आहेत. बहुधा आशाताई मध्ये बसते. बाई दोन मिनिटे बोलते, हात पोटावर ठेवते, डोळे पुसते, आणि आशाताई मराठीत सांगते, “पोट दुखतंय म्हणते.” बाकीचे कुठे गेले? आशाताईचा दोष नाही, तिला कोणी सांगितलेलेच नसते की सगळे सांग. म्हणून आधी तिच्याशी ठरवून घ्यायचे: वाक्यामागून वाक्य, गाळायचे नाही, आपले घालायचे नाही. तिने रुग्णाच्या शेजारी बसायचे, डॉक्टरच्या शेजारी नाही. आणि डॉक्टरने बोलताना बघायचे ते रुग्णाकडे. नवऱ्याला किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाला दुभाषा करून बाईचे दुखणे विचारू नये, हे तर सांगायलाच नको असे वाटते. पण सांगावे लागते.

बाईच्या दुखण्याचे एक जुने उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी एखादा तरी निघाला. त्याआधी अशी तपासणी आणि उपचार मिळालेल्या होत्या फक्त ८ टक्के. माझ्या अनुभवाने सांगते, अशी बाई दवाखान्यात येतच नाही असे नाही. ती येते, आणि “कमजोरी आहे, ताकदीची सुई द्या” असे सांगते. तिला सुई मिळते आणि ती घरी जाते. अंगावरून पांढरे जाते हे तिने सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही, किंवा विचारले तेव्हा दार उघडे होते.

इंग्लंडमध्ये डेव्हिड पेंडल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये तपासणीतल्या संभाषणावर जे काम केले त्यातून तीन गोष्टी विचारण्याची पद्धत रूढ झाली: रुग्णाची स्वतःची समजूत काय, त्याला भीती कशाची, आणि तो अपेक्षा काय धरून आला आहे. आम्ही हे तीन प्रश्न आपल्या बोलण्यात बसवले. “तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं असेल?” “मनात काही भीती आहे का?” “आज काय मिळालं तर बरं वाटेल?” हे विचारले तेव्हा गरोदर बायका लोहाच्या गोळ्या का टाकून देतात ते बाहेर आले. एकीला वाटत होते की गोळीने बाळ फार मोठे होते आणि बाळंतपण अडते. दुसरीची शौच काळी झाली म्हणून घाबरली. काळी होतेच, त्याने काही बिघडत नाही. पण हे गोळी देतानाच कोणी सांगितले नव्हते. ‘रक्त कमी आहे, गोळ्या खा’ हे दहा वेळा बजावून जे झाले नाही ते या दोन बायकांच्या बाबतीत एका प्रश्नाने झाले.

बडव्याकडे जाऊन आलात का, हेही विचारायला शिकवतो. आवाजात राग न आणता, जसे ‘जेवलात का’ विचारतो तसे. रागावले की पुढच्या वेळी ते लपवतात. कोणती मुळी दिली, किती दिवस गेले, काही कळत नाही. यावर आपल्या काही विश्वासू बांधवांचे मत वेगळे असेल याची मला कल्पना आहे. माझे म्हणणे एवढेच की दवाखान्याचे टेबल ही त्या वादाची जागा नव्हे. तिथे आजारी माणूस बसलेला असतो.

आता ज्या गोष्टीमुळे हे प्रशिक्षण मला सगळ्यांत जास्त गरजेचे वाटते ती सांगते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आमच्या भागात बराच आहे. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, तपासण्या वाढल्या, हे चांगलेच झाले. तपासणीत दोन वेगळ्या गोष्टी निघतात. ‘एसएस’ म्हणजे आजार. ‘एएस’ म्हणजे वाहक. त्याला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, औषध लागत नाही, तो सगळ्यांसारखा जगतो. फक्त जोडीदारही वाहक असेल तर त्यांच्या मुलाला आजार होऊ शकतो.

एका पाड्यावरच्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीची एका शिबिरात तपासणी झाली. अहवाल एएस. तिला रांगेतच, सगळ्यांसमोर, कागद हातात देत सांगितले गेले, “तुला सिकल आहे, लग्न करताना बघ. कळलं का?” ती हो म्हणाली. तिचे लग्न ठरलेले होते, देजाची बोलणी पुरी झाली होती. रांगेतल्या कोणीतरी ते ऐकले आणि चार दिवसांत ते मुलाच्या घरी पोचले: पोरीच्या रक्तात रोग आहे, ती जगायची नाही, पोरे टिकायची नाहीत. लग्न मोडले. मुलगीही तसेच समजून बसली होती. तिने जेवण सोडले, मजुरीला जाणे सोडले. आमच्यापर्यंत ही गोष्ट आली तेव्हा दीड-दोन महिने उलटून गेले होते.

मग आमच्या पथकातल्या समुदाय आरोग्य अधिकारी तिच्या घरी गेल्या. ओटीवर बसल्या आणि आधी विचारले, “सिकल म्हणजे काय, असं तू ऐकलंस?” तिने ऐकलेले सगळे सांगितले. ते संपल्यावर सिस्टरने पहिले वाक्य उच्चारले, “तुला आजार नाही.” आणि गप्प राहिल्या. ते आत उतरायला वेळ लागला. नंतर मक्याचे पांढरे दाणे आणि काळे उडीद मागवले. एएस म्हणजे एक पांढरा, एक काळा. आईकडून एक दाणा, बापाकडून एक, मूठ मिटून, न बघता. दोघेही वाहक असतील तर चारांतून एका वेळेला दोन्ही काळे येऊ शकतात, तो आजार. आणि ही सोडत प्रत्येक गरोदरपणात नव्याने निघते. ‘चार मुलांतले एक जाणार’ असा त्याचा अर्थ नाही, ही चूक फार जण करतात. जोडीदाराकडे दोन्ही पांढरे असतील तर दोन काळे एकत्र येणारच नाहीत. मुलीने स्वतः दाणे काढून आईला समजावून सांगितले, मग आईने बापाला. आजोबांनी दाणे तीनदा काढायला लावले.

ते लग्न परत जुळले नाही. पण ती मुलगी आज आमच्या प्रशिक्षणात ‘रुग्ण’ म्हणून बसते. नव्या आरोग्यसेवकाने तिच्या हातात अहवाल द्यायचा आणि तिला समजावायचे. ती पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलीसारखी बसते, घाबरते, गप्प होते. नंतर ती त्याला सांगते की कोणत्या वाक्याला तिचे ऐकणे बंद पडले. “तुम्ही कागद दाखवला तेव्हा मी कागदच बघत होते,” असे ती एकाला म्हणाली. मी दहा व्याख्याने दिली असती तरी त्याला ते कळले नसते.

आपल्या अर्पणातला मोठा भाग जातो तो इथे. अशा सात-आठ बाया आणि दोन म्हातारे बाबा आमच्याकडे ‘रुग्ण’ होतात. त्यांना त्या दिवसाची मजुरी, येण्याजाण्याचे भाडे आणि जेवण देतो. खोटा रुग्ण बसवून शिकवण्याची ही रीत वैद्यकीय शिक्षणात जुनी आहे; अमेरिकेत डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये ती सुरू केली. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा स्वतंत्र भाग आला आहे, त्यामुळे नवे डॉक्टर थोडेफार शिकून येतात. उपकेंद्रातल्या सिस्टरला, आशाताईला तो सराव कोण देणार? आणि रुग्ण म्हणून शहरातला नट आणून उपयोग नाही. पाड्यावरची बाईच हवी. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच दाखवून दिले होते. अक्षरओळख नसलेल्या गावच्या बायका आरोग्याचे काम शिकतात आणि इतरांना शिकवतातही.

सरावानंतर बोलायचे कसे याचा एक नियम आहे, तोही पेंडल्टन यांचाच. ज्याने तपासणी केली त्याने आधी स्वतः सांगायचे, काय बरे जमले. मग बघणाऱ्यांनी काय बरे जमले ते सांगायचे. त्यानंतर पुन्हा त्यानेच, पुढच्या वेळी काय वेगळे करीन. आणि शेवटी इतरांनी. आपल्याकडे चुकांवर आधी बोट ठेवायची इतकी सवय आहे की हा क्रम पाळायला मला अक्षरशः हातात घंटी घेऊन बसावे लागते. काही अनुभवी मंडळींना हे गोड-गोड वाटते. असेल. पण चारचौघांत पाणउतारा झालेली सिस्टर दुसऱ्या दिवशी रांगेतल्या बाईचा तसाच पाणउतारा करते, हे मी पाहिले आहे.

आपल्या महिला मंडळात किंवा तरुण संघात करून पाहण्यासाठी एक सराव खाली देते. तीन जण हवेत. एकाने आरोग्यसेवक व्हायचे, एकाने निरीक्षक. तिसरीने रुग्ण व्हायचे आणि पुढचा मजकूर फक्त तिनेच वाचायचा.

तुम्ही बत्तीस वर्षांच्या आहात. आज बाजाराचा दिवस आहे, म्हणून आलात. बसल्याबरोबर एवढेच सांगा: “हातपाय दुखतात, ताकदीची सुई द्या.” कोणी ‘आणखी काही?’ असे विचारून थांबले, तर चक्कर येते हे सांगा. दार लावून, हळू आवाजात विचारले, तरच अंगावरून जाते हे सांगा. मागच्या वेळच्या लोहाच्या गोळ्या घरी तशाच आहेत. का, ते रागावून विचारले तर गप्प बसा, सहज विचारले तर सांगा. तीन दिवसांनी तुम्ही सगळे कुटुंब बारडोलीकडे ऊसतोडीला निघणार आहात आणि होळीलाच परत येणार आहात. पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला सांगितले तर “हो” म्हणा. ‘कळलं का?’ असे विचारले तरी “हो” म्हणा.

पाच मिनिटे द्यावीत. निरीक्षकाने घड्याळ लावून कागदावर दोनच गोष्टी लिहाव्यात: रुग्णाला पहिल्यांदा कितव्या सेकंदाला तोडले, आणि ऊसतोडीचे कितव्या मिनिटाला कळले, कळले असेल तर.